वाईच्या वाटेवरची शिदोरी

ईद जवळ आली किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्या घरांत गावी जायची तयारी सुरू होते. शीरखुर्म्याचा सुकामेवा कुणी घ्यायचा, दादीसाठी साडी कुठल्या रंगाची, चाचांच्या मुलांना काय न्यायचं, गाडी किती वाजता काढायची, याच्या याद्या होतात. एक यादी मात्र बहुतेक घरांत होत नाही. गाडीत आपण सगळे तास न् तास एकत्र बसणार आहोत, त्या वेळात काय ऐकायचं, कोणती गोष्ट सांगायची, कोणत्या सिनेमाबद्दल बोलायचं, याची. ती यादी का करावी आणि तिच्यात काय असावं, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडायचं आहे.

आम्ही वाईचे. पोटापाण्यासाठी पुण्यात आलो, पण 'घर' म्हटलं की आजही कृष्णाकाठचं तेच घर डोळ्यांपुढे येतं. पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर. कात्रज, शिरवळ, खंडाळा, मग खंबाटकीचा घाट, सुरूर फाटा आणि तिथून आत वळलं की वाई. इतकी वर्षं जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, ही सवय अंगवळणी पडलेली. या एकाच वाटेवरून तीन पिढ्या गेल्या, पण प्रत्येक पिढीचा प्रवास वेगळा.

आमच्या लहानपणी स्वारगेटहून एस.टी. असायची. जागा मिळाली की अम्मी पोतडीतून चपात्या काढायची आणि मागच्या बाकड्यावर अंत्याक्षरी सुरू व्हायची. त्यात अनोळखी माणसंही सामील व्हायची. पुढे चाचांनी जीप घेतली, तिच्यात टेप आला. अज़ीज़ नाज़ाँ, यूसुफ आज़ाद यांच्या कव्वाल्यांच्या कॅसेटी, रफीसाहेबांची गाणी. टेप एकच, त्यामुळे जे लागेल ते सगळ्यांनी ऐकायचं. पसंत नसलं तरी ऐकायचं. आज आमच्यापेक्षा जुनी कित्येक गाणी आम्हांला पाठ आहेत, ती त्या सक्तीमुळेच.

आता गाडीत पाच माणसं असली तर पाच मोबाईल असतात. प्रत्येकाच्या कानात स्वतःची बोंडं. थोरली कोरियन गाणी ऐकते, धाकटा क्रिकेटच्या क्लिपा बघतो, मोठी माणसं व्हॉट्सॲपवर. यात वाईट काही नाही, ज्याची त्याची आवड. पण वाईत पोचल्यावर एक गोष्ट जाणवते. दादी दारात उभी असते. पोरं सलाम करतात, दादी डोक्यावरून हात फिरवते, "जेवलास का बाळा?" विचारते. पोरं "हो दादी" म्हणतात. आणि तिथे बोलणं संपतं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण बोलायला सामाईक असं काही उरलेलं नाही.

आपल्या घरांत हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. घरात दखनी, अंगणात मराठी, मदरशात अरबी-उर्दू आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत आपली पोरं वाढतात. शहरात गेल्यावर त्यातली अंगणातली मराठी सगळ्यांत आधी गळते. आणि दादीच्या मनातलं बरंचसं त्याच भाषेत साठवलेलं असतं. म्हणून प्रवासातल्या त्या दोन-अडीच तासांकडे आम्ही वेगळ्या नजरेनं बघू लागलो. घरी सगळ्यांची वेळ जुळत नाही. गाडीत मात्र कुणी उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

तोडगा साधाच काढला. गाडीत एकच स्पीकर, आणि प्रत्येकाची एक पाळी. ज्याची पाळी, त्यानं आपल्या सर्वांत आवडीची एक गोष्ट इतरांना द्यायची. गाणं, गझल, नात, कथा, सिनेमातला प्रसंग, काहीही. ते आपल्याला का आवडतं, हे दोन वाक्यांत सांगायचं. एवढंच.

सुरुवात आम्ही 'स्वदेस'पासून केली, कारण तो सिनेमा आमच्या दारातला आहे. आशुतोष गोवारीकर यांचा हा चित्रपट १७ डिसेंबर २००४ रोजी प्रदर्शित झाला. अमेरिकेत नासामध्ये काम करणारा मोहन भार्गव लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या कावेरीअम्माला शोधत भारतात येतो आणि चरणपूर नावाच्या गावात पोचतो, अशी कथा. पडद्यावर चरणपूर उत्तर प्रदेशात आहे, पण त्याचं बरंचसं चित्रण वाईपासून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीत झालं. तो घाट, त्या पायऱ्या, नाना फडणविसांचा वाडा, सगळं आपल्या ओळखीचं.

आमच्या वाईचं नशीबच असं की, ती पडद्यावर दिसते पण स्वतःच्या नावानं नाही. 'गंगाजल' (२००३) मध्ये ती बिहार झाली, 'स्वदेस' आणि 'दबंग' (२०१०) मध्ये उत्तर प्रदेश. पोरांना हे सांगितल्यावर त्यांनी मोबाईल काढले, आणि या वेळी स्वतःहून, एकाच मोबाईलवर तिघांनी मिळून घाट ओळखायचा खेळ सुरू केला. "अब्बू, ही तर आपण पाय बुडवून बसतो ती पायरी!" हा शोध त्यांचा त्यांनी लावला.

'स्वदेस' तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही. शाहरुख खान, ए. आर. रहमान यांचं संगीत, जावेद अख्तर यांची गीतं, इतकं असूनही लोक थिएटरात फारसे आले नाहीत. राष्ट्रीय पुरस्कार मात्र दोन मिळाले, गायनासाठी उदित नारायण यांना आणि छायाचित्रणासाठी महेश अणे यांना. मग पुढच्या वर्षांत काय झालं? एकानं दुसऱ्याला सीडी दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, परदेशी गेलेल्या मुलानं रात्री एकट्यानं बघून आईला फोन लावला. आज त्या पिढीतल्या कितीतरी जणांना तो शाहरुखचा सर्वांत जवळचा सिनेमा वाटतो. असल्या सिनेमांना इंग्रजीत 'कल्ट' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जाहिरातीनं नव्हे, हातोहात पसरलेली चीज. एका माणसानं दुसऱ्याला जीव लावून दिली, म्हणून टिकली.

त्यात मोहन कॅरॅव्हॅन घेऊन गावाकडे निघतो, तेव्हा वाटेत एक फकीर त्याच्या गाडीत बसतो आणि दोघं गात गात जातात. उदित नारायण, कैलाश खेर आणि हरिहरन यांच्या आवाजातलं हे गाणं घराकडच्या वाटेवर ऐकण्यासाठीच जणू केलेलं आहे. एकटा जाणारा माणूस वाटेवरच्या परक्याला गाडीत घेतो आणि रस्ता बदलून जातो. आणखी एक प्रसंग स्टेशनवरचा. कुल्हडमध्ये पाणी विकणारा पोरगा, आणि तोवर बाटलीचंच पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो. शब्द जवळजवळ नाहीत. आम्ही हा प्रसंग पोरांना नुसता सांगितला, दाखवला नाही. सुरूर फाट्यापर्यंत थोरली गप्प होती. मग म्हणाली, "घरी गेल्यावर लावाल का?" तसाही तो तीन तासांहून मोठा सिनेमा, वाई येते, तो संपत नाही.

याच सिनेमात गावात पडदा लावून एक जुना चित्रपट दाखवतात. तो आहे 'यादों की बारात' (१९७३). नासिर हुसैन यांचा चित्रपट, पटकथा सलीम-जावेद यांची, गीतं मजरूह सुलतानपुरींची, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. म्हणजे 'स्वदेस'ची गाणी लिहिणारे जावेद अख्तर त्या जुन्या सिनेमाच्या लेखनातही होते. त्याची गोष्ट अब्बांच्या पिढीला तोंडपाठ आहे. तीन भाऊ लहानपणी ताटातूट होऊन वेगळे होतात. मोठेपणी एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत नाहीत. ओळख पटते ती लहानपणी घरात गायलेल्या एका गाण्यानं.

सिनेमा म्हणून ही कल्पना भाबडी वाटेल. पण जरा विचार केला तर ती खरी आहे. नोकरीसाठी एक भाऊ पुण्यात, एक मुंबईत, एक आखातात. बहीण सासरी कराडला. वर्षातून एकदा भेटतात. पोरं एकमेकांना ओळखत नाहीत. अशा वेळी 'आपल्या घराचं गाणं' म्हणून काही असलं, तर ते आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आमच्या घराचं गाणं कोणतं? गाडीत हा प्रश्न टाकला, तेव्हा पाच जणांनी पाच उत्तरं दिली. मग चाचांना फोन लावून विचारलं. त्यांनी सहावं सांगितलं. वाद वाईच्या पुलापर्यंत पुरला.

वाईची कृष्णा पुढे कराडवरून सांगलीला जाते, आणि सांगलीपासून मिरज दहा किलोमीटर. आमच्या फुफीचं सासर तिकडचं. तिच्या पाळीला ती नेहमी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली ठुमरी लावायला सांगते. पोरांना सुरुवातीला ती खरखर सोसत नाही. पण रेकॉर्डमागची गोष्ट सांगितली की कान टवकारतात.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात ते त्या गावावरून. पण घर त्यांनी मिरजेला केलं. १९३७ सालच्या ऑक्टोबरात ते मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत प्रकृती बिघडली, आणि सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्टेशनावर त्यांचा इंतकाल झाला. जन्म एकीकडे, मौत दुसरीकडे. पण दफन झालं ते मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी गाणं होतं. जिथे आपली कला लोकांनी जपली, तिथेच माणसाचं घर, हे पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

याच गोष्टीचा दुसरा भाग पोरांना जास्त आवडतो. गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची रेकॉर्ड वाजायची. ती ऐकून एका शाळकरी मुलाला गाण्याचं असं वेड लागलं की १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. शेवटी त्यांना गुरू मिळाले ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शागिर्द. एका रेकॉर्डनं एवढं केलं. कुणाची आवड कुणाच्या कानात जाऊन काय करील, सांगता येत नाही. (पळून जायचा भाग मात्र मुलांना सांगताना जपून सांगावा!)

मिरजेत सतार आणि तंबोरे तयार करणारी शिकलगार घराणी आहेत. पूर्वी हत्यारांना धार लावणारे हे हात पुढे वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांचा सफर वाईवरून पुढे मिरजेपर्यंत आहे, त्यांनी मुलांना एकदा तरी त्या गल्लीत न्यावं. वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा होताना बघितलेलं मूल पुढे ठुमरी वेगळ्या कानानं ऐकतं.

आता पुस्तकांकडे. गाडीत वाचलं की मळमळतं, विशेषतः खंबाटकीच्या वळणांवर. म्हणून वाचन शिरवळपर्यंत, घाटात फक्त गोष्ट तोंडी. या वाटेवर आमची हमखास गोष्ट प्रेमचंदांची 'ईदगाह'. ईदच्या जत्रेत इतर मुलं खेळणी-मिठाई घेतात. हमीदकडे फक्त तीन पैसे. तो त्यातून दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना तिचे हात पोळतात. आम्ही ही गोष्ट आपल्या मराठीत सांगतो. ऐकणारे ज्या दादीकडे निघालेत, तिचे हातही चुलीवर पोळलेले आहेत, हे त्यांना ठाऊक असतं.

साताऱ्यापलीकडे जाणाऱ्यांसाठी अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९). अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात गाणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. मुसलमान घरातला हा माणूस, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठीतून गाऊन मैदानं गाजवणारा. त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला तो आई मुनेरबींकडून. "आपण मराठी की उर्दू?" असं आमच्या धाकट्यानं एकदा विचारलं होतं. त्याला आम्ही उत्तर न देता अमर शेखांची गोष्ट सांगितली.

आणि मराठीचा विश्वकोश तर आपल्या वाईतच घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ साली आला, पुढे असे वीस खंड झाले. जगभरचं ज्ञान मराठीत आणण्याचं हे काम मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या छोट्या गावात झालं. आता ते संकेतस्थळावरही वाचता येतं. गाडीत कशावरून वाद झाला की आम्ही मुलांना सांगतो, "वाईला विचार."

अनुभवातून काही गोष्टी कळल्या, त्या इथे देतो.

पाळी सगळ्यांची सारखी. मोठ्यांची तीन गाणी आणि पोरांचं एक, असं केलं की खेळ मोडतो. त्यांची कोरियन गाणी किंवा रॅप लागेल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून ऐकावं, आणि "हे काय गाणं?" न म्हणता "यात तुला काय आवडतं?" विचारावं.

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य गाडीत बंद.

निवड घरातली माणसं बघून करावी. 'ओंकारा' (२००६) शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरचा नामांकित चित्रपट, त्याचंही काही चित्रण वाईकडे झालं. पण त्यातल्या शिव्या लहान मुलांसमोर ऐकण्याजोग्या नाहीत. तो मोठ्यांनी मोठ्यांना द्यावा.

काही घरांत वाद्यसंगीत ऐकत नाहीत. त्यांनी हा लेख बाजूला ठेवायचं कारण नाही. नात आहे, गझलचं नुसतं पठण आहे, गोष्टी आहेत, आजी-आजोबांच्या आठवणी आहेत. पाळी महत्त्वाची, वाजा नव्हे.

घाटात नेटवर्क जातं, म्हणून जे ऐकायचं ते आदल्या रात्री उतरवून ठेवावं. पडदा चालकासमोर कधीच नसावा. अज़ान झाली, नमाज़ला थांबलो, की स्पीकर बंद. आणि नंतर ज्याची पाळी राहिली असेल त्याच्यापासून पुन्हा सुरू.

शेवटी एक गोष्ट, जी घडली म्हणून हा लेख लिहायला घेतला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादी पुण्याला आमच्याकडे आली होती. डोळा बरा झाल्यावर तिला वाईला सोडायला निघालो. काळा चष्मा लावून ती पुढच्या सीटवर. पाळ्या फिरत फिरत तिच्यापाशी आल्या. म्हणाली, "मला काय येतंय रे? मला जात्यावरच्या ओव्याच येतात." थोरली म्हणाली, "मग त्याच दे दादी, तुझी पाळी आहे."

दादी आधी लाजली. मग घसा साफ करून एक ओवी म्हटली, भावासाठीची. मग आणखी एक. माहेरच्या वाटेची. मग ईदला लेक घरी येणार म्हणून वाट बघणाऱ्या आईची. मराठी अस्सल आपल्याकडची, मधूनच एखादा दखनी शब्द. आम्ही तिची मुलं-सुना, इतकी वर्षं तिच्याबरोबर काढली, पण यातल्या निम्म्या ओव्या आमच्याही कानांवर कधी पडल्या नव्हत्या. घरात गिरणीचं पीठ आलं, जातं थांबलं आणि त्याबरोबर गाणंही थांबलं होतं. थोरलीनं न सांगता मोबाईलवर रेकॉर्ड केलं. धाकट्यानं विचारलं, "जातं म्हणजे काय?"

घरी पोचल्यावर दादी चहासुद्धा न घेता त्याला परसात घेऊन गेली. भिंतीशी जातं पडलं होतं, खुंटा नसलेलं. तिनं त्याचा हात धरून वरच्या पाळूवर ठेवला आणि बसून सांगायला लागली. कुठला दगड, कुणी आणला, पहाटे किती वाजता उठायचं. मगरिबच्या अज़ानपर्यंत दोघं तिथेच होते. 'जेवलास का'च्या पुढचं बोलणं सुरू झालं होतं.

त्या एका प्रवासात एकवीस ओव्या जमल्या. पुढच्या खेपेला आणखी मिळतील, इन्शाअल्लाह. त्या आता चाचांच्या, फुफीच्या, आखातातल्या भावाच्या मोबाईलवर आहेत, आणि आमच्या घराचं गाणं कोणतं हा वाद मिटला आहे.

प्रत्येक घरात असं काही कुणाच्या तरी मनात पडून आहे, आणि ते कुठल्याही ॲपवर शोधून सापडणार नाही. ती आपल्याकडची अमानत आहे. ती माणसं आहेत तोवरच मिळेल. म्हणून येत्या ईदला गावी निघाल तेव्हा सुकामेव्याच्या यादीखाली एक ओळ आणखी लिहा. आधी वडीलधाऱ्यांची पाळी, मग मुलांची, आणि आपली सर्वांत शेवटी.